नायकाचं देवक

"मारामारी झाली, राक्षस झाले, खजिना झाला. आता फक्त हीरोचं लग्न राहिलंय," अजित म्हणाला. "आणि ते तू लावायचंस, विराज. फ्रायडेच्या आत."

विराजच्या हातातला कॉफीचा पेला हातातच राहिला. लग्न हा शब्द घरी उठता-बसता कानांवर पडायचा. निदान कचेरीत तरी त्यातून सुटका होती, तर आता इथंही हे लचांड मागे लागलं.

कचेरी कसली, जयनगरात एका मिठाईच्या दुकानावरची माडी ती. नव्याण्णव साल होतं. बेंगळुरूत जो तो उठून सॉफ्टवेअरची कंपनी काढत होता, आणि पुण्याहून आलेल्या अजितनं काढली ती कम्प्युटरवरच्या खेळांची. खेळ असा, की खेळणाऱ्यानं एका शूरवीराचं सोंग घ्यायचं, एका गावात उतरायचं, गावकऱ्यांशी बोलायचं, त्यांची अडलेली कामं करायची आणि रानातले राक्षस मारायचे. लंडनच्या एका कंपनीला तो विकत घ्यायचा होता. पण तिथल्या एका अधिकारी बाईंनी कळवलं, की नुसती कापाकापी आता चालत नाही. खेळात प्रेम हवं, आणि कुणावर करायचं हे खेळणाऱ्याला निवडता आलं पाहिजे. बाई स्वतः शुक्रवारी बघायला येणार होत्या. त्यांना आवडलं तर ठीक, नाहीतर अजितला गाशा गुंडाळून पुण्याला वडिलांच्या दुकानात स्कूटरचे सुटे भाग विकायला बसावं लागणार होतं.

"अरे, पण मला प्रेमातलं काय कळतं?" विराज म्हणाला.

समोरच्या टेबलाशी चित्रं काढत बसलेल्या अद्वैतला एकदम ठसका लागला.

आता हा ठसका का लागला, ते सांगून टाकलेलं बरं. उगाच वाचकांना टांगून ठेवण्यात काय अर्थ? विराजचं अद्वैतवर प्रेम होतं आणि अद्वैतचं विराजवर. नागपूरचा हा चित्रकार विराजच्या हलसूरच्या घरी माडीवर भाडेकरू म्हणून राहायला आला, आणि जे व्हायचं ते झालं. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. तिसऱ्याला कळू नये म्हणून दोघं चारचौघांत एकमेकांना 'अहो' म्हणत. त्यामुळे ते उलट जास्तच नवरा-बायकोसारखे वाटतात, हे त्या शहाण्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

आणि लपवायचं ते कुणापासून? तर रत्नाबाईंपासून! विराजच्या आई रत्नाबाई म्हणजे सगळ्यांच्या रत्नाक्का. तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन रुजलेल्या मराठा घराण्यांत, हलसूरपासून कॉटनपेटेपर्यंत, त्यांच्या शब्दाशिवाय अक्षत पडत नसे. कुणाचं देवक कोणतं, कुणाची मुलगी कुठं दिली, कुणाचा मामा कशापायी घर सोडून गेला, सगळं तोंडपाठ. आणि अशा बाईंचा स्वतःचा मुलगा तिशी ओलांडून बिनलग्नाचा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लोक तोंडावर बोलत नसत, पण हळदी-कुंकवाला गेल्या की बायका मुद्दाम विचारत, "विराजचं काय म्हणतंय?"

या वेळी मात्र रत्नाबाईंनी कंबर कसली होती. देवनहळ्ळीच्या बसवंतरावांची भव्या. एम. कॉम. झालेली, घरची चकोत्याची, म्हणजे पपनसांची, बाग. येत्या रविवारी बघायला जायचं होतं.

"मी शब्द दिलाय," त्यांनी विराजला बजावलं होतं. "आता तू नाही म्हणालास, तर मी पुन्हा कुणाच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवू शकणार नाही. सरी? ठीक ना?"

"सरी," विराज म्हणाला होता, आणि त्या दिवसापासून त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. रविवारच्या आत आईला खरं सांगायचं, नाहीतर त्या बिचाऱ्या मुलीच्या गळ्यात माळ घालायची. तिसरी वाट नव्हती. अद्वैत काही बोलत नसे, पण त्यानं माडीवरची पुस्तकं खोक्यात भरायला घेतली होती.

"अरे, तुझ्या मदर लग्नं जुळवतात ना?" अजितला एकदम सुचलं. "मग त्यांनाच विचार की! रेडीमेड एक्स्पर्ट!"

रत्नाबाई स्वयंपाकघरात अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. विराजनं पाट ओढला आणि शेंगा सोलायला हात लावत विषय काढला.

"आई, एका गावात पंचवीस-तीस माणसं आहेत. त्यातलं कुणाचं कुणाशी जमेल, हे ठरवायचं कसं?"

"कुठलं गाव?"

"खरं नाही गं. खेळातलं."

"खेळातलं असलं म्हणून काय झालं? लग्न ते लग्न." रत्नाबाई सरसावून बसल्या. "पहिलं देवक. दोघांचं देवक एकच निघालं, की पुढं काही विचारायचं नाही. बहीण-भाऊ झाली ती. हात जोडायचे, लाडू खायचा आणि घरी यायचं."

"बरं. दुसरं?"

"हाताला काम आहे का. तिसरं, व्यसन. चौथा स्वभाव. पण स्वभाव खरा कुणी सांगत नाही, तो बघावा लागतो."

"कसा?"

"माणूस काही ना काही निमित्त काढून परत परत त्याच घरी यायला लागला, की समजायचं जमलं."

विराज गुणी मुलगा. आईनं सांगितलं तसं, काना-मात्रेचा फरक न करता त्यानं सगळं कम्प्युटरला शिकवलं. देवक म्हणून प्रत्येकाच्या कपड्यांवर एकेक चिन्ह. चिन्ह एकच असलं, तर ती व्यक्ती नायकाला भाऊ मानणार. वेगळं असलं, तर नायकाच्या प्रत्येक खेपेला माया वाढणार, आणि माया काठोकाठ भरली की तुतारी वाजून, फुलं पडून, लग्न ठरणार. मुलानं मुलीशी लग्न करायचं असतं, ही अट त्यात नव्हती. रत्नाबाईंनी ती सांगितली नव्हती, कारण जेवताना घास तोंडात घाला, हेही कुणी सांगत नाही. आणि विराजला ती आपणहून का सुचली नाही, हे आता तुम्हाला-आम्हाला ठाऊकच आहे.

बुधवारी तपासून पाहिलं, तर शूरवीराचं राजकन्येशी झकास जमलं. सगळे खूश झाले. माशी शिंकली ती गुरुवारी.

"बायकांचे कपडे फारच प्लेन दिसतायत रे," अजित अद्वैतला म्हणाला. "जरा रिच कर. फुलंबिलं टाक."

अद्वैतच्या पुढं संध्याकाळपर्यंत डोंगराएवढं काम होतं. त्यानं शूरवीराच्या ढालीवर काढलेलं सुंदर कमळ उचललं आणि गावातल्या यच्चयावत बायकांच्या पदरांवर चिकटवून दिलं. राजकन्येपासून धोबिणीपर्यंत. झालं! त्या एका फटक्यात गावातली प्रत्येक स्त्री शूरवीराची सख्खी बहीण झाली, आणि हे कुणाच्या गावीही नव्हतं.

शुक्रवारी लंडनच्या बाई आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ रत्नाबाईही आल्या. अजितनं त्यांना खास बोलावलं होतं. 'आमच्या कंपनीत पारंपरिक विवाहांच्या सल्लागार आहेत' असं त्यानं लंडनला कळवून टाकलं होतं. रत्नाबाई मैसूर सिल्क नेसून, मोगऱ्याचा गजरा माळून, डबाभर चिरोट्या घेऊन बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. विराजला घाम फुटला. काय होणार ते त्याला माहीत नव्हतं, पण आई कचेरीत आली की काहीतरी होणार, एवढं नक्की होतं.

बाईंनी माऊस हातात घेतला आणि शूरवीराला थेट राजकन्येपाशी नेलं. शूरवीरानं तिला मोत्यांचा हार दिला.

राजकन्या म्हणाली, "दादा, बहिणीला एवढं कशाला?"

बाईंच्या भुवया वर गेल्या. त्या शूरवीराला घेऊन वैद्याच्या मुलीकडं गेल्या. तिनं त्याला ओवाळलं. फुलवालीनं त्याला "माझ्या पाठीराख्या" म्हटलं. धोबिणीनं तर लाडू दिला.

अजित विराजच्या कानाशी लागला. "काय चाललंय हे? सगळ्या राखी बांधायला का उठल्यात?"

विराजनं पडद्याकडं पाहिलं. पदरावर कमळ, ढालीवर कमळ. त्यानं मान वळवून अद्वैतकडं पाहिलं. अद्वैतच्याही डोक्यात त्याच क्षणी प्रकाश पडला.

"मेलो बाप्पा," तो पुटपुटला. "मीच चिकटवून राहिलो होतो काल."

रत्नाबाई मात्र समाधानानं मान डोलवत होत्या. "बरोबर आहे. देवक एक आहे ना. शहाण्या मुली आहेत."

लंडनच्या बाईंनी लग्नाचा नाद सोडला आणि राक्षसांकडं मोर्चा वळवला. दोन राक्षस मारले, तलवार बोथट झाली, म्हणून लोहाराकडं गेल्या. पुन्हा राक्षस, पुन्हा लोहार. लोहार दाढीवाला, दंड पिळदार, आणि त्याच्या कातडी कमरपट्ट्यावर मोरपीस. ते विराजनं पाहिलं. कमळ नाही, मोरपीस! आणि हा शूरवीर प्राणी काही ना काही निमित्त काढून परत परत त्याच घरी चाललाय!

"मॅडम, आता जरा किल्ला बघू या का?" तो घाईघाईनं म्हणाला.

पण बाईंनी आणखी एकदा तलवारीला धार लावून घेतलीच. तुतारी वाजली. फुलांचा पाऊस पडला. लोहारानं हातोडा खाली ठेवला, शूरवीराचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तू येतोस तेव्हाच माझी भट्टी पेटते. माझ्याशी लग्न करशील?"

खाली मिठाईच्या दुकानात कुणीतरी मैसूर पाक मागत होतं, तेवढं ऐकू आलं. अजितला डोळ्यांपुढं स्कूटरचे सुटे भाग दिसायला लागले.

आणि बाईंनी टाळी वाजवली!

"वा! हे मी कुठल्याच खेळात पाहिलं नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आमच्याकडं असलं काही आलंच, तर चेष्टेपुरतं येतं. इथं तर साधं, सरळ लग्न आहे. हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

अजित पक्का पुणेकर. वारा फिरलेला त्याला बरोबर कळला. "आमच्या सल्लागारांच्या," त्यानं रत्नाबाईंकडं बोट दाखवलं. "नियम सगळे त्यांचे."

बाई रत्नाबाईंकडं वळल्या. "तुमच्या परंपरेत या दोन पुरुषांच्या लग्नाला खरंच हरकत नाही? मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. कुणीतरी विचारा ना त्यांना."

सगळ्यांच्या माना विराजकडं वळल्या. मुलगा तो, भाषांतर त्यानंच करायला हवं होतं.

बघा नशिबाचा खेळ! जो प्रश्न वर्षानुवर्षं ओठांवर येऊन परत जात होता, तो आता चारचौघांत, आईच्या डोळ्यांत बघून, मोठ्यानं विचारायचा होता. विराज आईकडं वळला.

"आई," तो म्हणाला, "त्या विचारतायत... या दोन बाप्यांचं लग्न झालेलं तुला चालेल का?"

रत्नाबाईंनी चष्मा पुसून परत लावला आणि पडद्यावरच्या लोहाराला नीट निरखलं.

"देवक वेगळं आहे. हाताला काम आहे. पितो का?"

"नाही."

"आणि तो तलवारवाला? त्याच्या मनात आहे, का तुम्हीच जबरदस्ती करताय?"

"त्याच्या मनात आहे," विराज म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "खूप दिवसांपासून आहे. पण सांगायची हिंमत होत नाही त्याची."

"अय्यो, त्यात काय सांगायचं नाही?" रत्नाबाई म्हणाल्या. "माझ्या माहेरी, कोलारला, दोघं होते तसे. पानाचं दुकान होतं त्यांचं. जन्मभर एका घरात राहिले, एकमेकांची आजारपणं काढली. लोक म्हणायचे, चुलतभाऊ आहेत. मी म्हटलं, एकाचं देवक कळंब, दुसऱ्याचं पंचपल्लव. चुलतभाऊ होतील कुठनं? पण नीटनेटका संसार केला हो त्यांनी. सांग बाईंना."

विराजनं सांगितलं. कसं सांगितलं, कुठल्या इंग्रजीत सांगितलं, ते त्याला नंतर आठवेना. बाईंनी रत्नाबाईंचे दोन्ही हात हातात घेतले, तीन चिरोट्या खाल्ल्या, आणि खेळ घेतला. एकच अट घातली, की बायकांना वेगवेगळी देवकं द्या, पण लोहाराला हात लावायचा नाही.

मायलेकांची रिक्षा लालबागपाशी आली. रत्नाबाई बाहेर बघत म्हणाल्या, "माझं म्हणणं सांगताना तुझा आवाज का कापत होता?"

"कुठं काय?"

"मी माणसं वाचून पोट भरलंय, विराज. मला शिकवू नको."

विराजनं रिक्षाचा दांडा घट्ट धरला. आता नाही, तर कधीच नाही.

"आई, तो तलवारवाला मी आहे."

रिक्षा सिग्नलला थांबली, सुटली, पुन्हा थांबली.

"आणि लोहार?" रत्नाबाईंनी विचारलं.

"अद्वैत."

"आपल्या माडीवरचा?"

"हो."

रत्नाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पडद्यावरचा लोहार वेगळा आणि पोटचा मुलगा वेगळा, हे विराजला कळायला हवं होतं.

"होसूर झालं, कोलार झालं, देवनहळ्ळी झालं," त्या म्हणाल्या. "उन्हातान्हात तुझ्यासाठी मुली बघत फिरले. देवाला नवस बोलले. आणि तू एका शब्दानं बोलला नाहीस?"

"भीती वाटली गं."

"कुणाची? माझी?"

"तुझीच."

हे मात्र रत्नाबाईंना लागलं. रिचमंड सर्कल गेलं, एम. जी. रोड आला. विराजनं त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, हीच काय ती आशा.

"लोक बोलतील," त्या शेवटी म्हणाल्या.

"बोलतील."

"आताही बोलतातच मेले. मुलात खोट आहे म्हणतात. त्यापेक्षा हे बरं." त्यांनी नाक पुसलं आणि ताठ बसल्या. "पण अद्वैत नको."

"का?"

"पाण्याची मोटर चालू करतो आणि झोपून जातो. टाकी वाहून वाहून अंगणाला शेवाळ धरलंय. चपला दारात आडव्या. आणि नागपूर! सणासुदीला जायचं-यायचं म्हणजे दोन दिवस रेल्वेत. एवढंच होतं, तर मला आधी सांगायचं होतंस. मी चांगला मुलगा बघितला असता!"

"आई!"

"काय आई? कॉटनपेटेतल्या विठोजीरावांचा धाकटा बँकेत आहे. दिसायला छान, आपल्यातला, कन्नड येतं. लग्नाचं नाव काढलं की पळतो. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. बघायला काय हरकत आहे?"

"मला अद्वैतच पाहिजे!" विराज इतक्या जोरात ओरडला, की रिक्षावाल्यानं दचकून ब्रेक दाबला.

रत्नाबाईंनी मुलाकडं पाहिलं. लहानपणापासून जे वाढाल ते खाणारा, जे द्याल ते घालणारा हा मुलगा. कशासाठी म्हणून त्यानं कधी हट्ट धरला नव्हता.

"ओरडतोस कशाला? ऐकू येतं मला," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं म्हणाल्या, "भव्याला दुसरं स्थळ बघून द्यायला हवं. तुझ्या त्या अजितचं आडनाव काय रे?"

अद्वैत स्कूटरवरून आधीच येऊन दारात उभा होता. हेल्मेट काढायचं त्याच्या ध्यानात नव्हतं. रत्नाबाईंनी रिक्षातून उतरून त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, आणि त्याला सगळं कळलं.

"काकू, मी... मी खोली सोडून देतो," तो म्हणाला.

"ते डोक्यावरचं काढ आणि आत ये. बस त्या खुर्चीत."

अद्वैत खुर्चीच्या टोकावर बसला. विराज दाराला टेकून उभा राहिला. रत्नाबाईंनी उरलेल्या चिरोट्यांची बशी पुढं केली आणि समोर बसल्या.

"स्वयंपाक काय काय येतो?"

"वरण-भात येते, काकू. वांग्याची भाजी येते."

"मोटर बंद करता येते?"

अद्वैत लालेलाल झाला. "येईल, काकू. आजपासून येईल."

"घरी सांगितलंयस?"

"नाही जी. बाबांचा स्वभाव कडक आहे. ऐकतील का नाही, काय माहीत."

"त्यांच्याशी मी बोलते. नाही म्हणणाऱ्यांना हो म्हणायला लावणं, जन्मभर दुसरं केलंय काय मी?" रत्नाबाईंनी पदर खोचला. आवाजाला एकदम धार आली. "मांडव पडेल न पडेल, चार माणसांचं जेवण तरी घालूच. पण एक आत्ताच सांगून ठेवते. वरपक्ष आम्ही."

अद्वैतनं विराजकडं पाहिलं, मग चाचरत म्हणाला, "पण काकू, माझे बाबाही तेच म्हणतील."

रत्नाबाई थबकल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. आजवर इतकी लग्नं जुळवली, पण दोन्हीकडचे वरपक्ष, अशी बोलणी करायचा योग त्यांना कधी आला नव्हता.

"म्हणू देत की," त्या म्हणाल्या. "फोन लाव."